पुलावरची गणती

वडील गेले त्या वर्षी मी दोहात एकटा होतो. बायको आणि मुलगी मार्चमध्ये पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्या, कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि त्या तिकडेच अडकल्या. अल थुमामा भागात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि तिथून जवळच एका फुटबॉल स्टेडियमचं बांधकाम चालू होतं. मी त्या कामावर होतो. जगात बरंच काही थांबलं होतं, पण वर्ल्ड कपची तारीख थांबली नव्हती, त्यामुळे आम्हीही थांबलो नाही. तोंडाला मास्क लावायचा, गेटवर फोनमधल्या आरोग्य-ॲपचा हिरवा रंग दाखवायचा आणि आत जायचं.

माझं काम कागदांचं. त्याला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणतात. कंत्राटदाराकडून नकाशे, अहवाल, चाचण्यांचे निकाल येतात. त्यांना क्रमांक द्यायचा, तपासणाऱ्या इंजिनिअरकडे पाठवायचे, त्यांचे शेरे एका तक्त्यात भरायचे आणि कोड मारून परत करायचे. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर. सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. डी म्हणजे नामंजूर. तक्त्यात डावीकडे शेरा असतो, उजवीकडे उत्तर लिहायला जागा असते. उत्तर पटलं की शेरा बंद होतो. वीस वर्षं मी हेच करत आलो आहे आणि मला ते आवडतं. त्यात बोलावं फार लागत नाही.

वडील ऑगस्टमध्ये गेले. भावाने सगळं केलं आणि मी फोनवर पाहिलं. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत वीस माणसांना परवानगी होती. दारावर पालिकेचा एक माणूस यादी घेऊन उभा होता आणि बोटाने मोजून माणसं आत सोडत होता. वडील शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांचे एक जुने विद्यार्थी, आता स्वतःच सत्तरीच्या घरातले, साताऱ्याहून कशीबशी परवानगी काढून आले होते. ते एकविसावे ठरले आणि बाहेर फुटपाथवर उभे राहिले. भावाने फोन फिरवला तेव्हा क्षणभर ते मला दिसले, हातात फुलांची पिशवी होती. त्या मोजणाऱ्या माणसाचा मला जो राग आला, तो पुढे बरेच महिने तसाच राहिला.

त्याच आठवड्यात सार्जंट माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

सार्जंट आमच्या साइटवर सुरक्षारक्षकांना शिकवायचा. दक्षिण आफ्रिकेचा, साठी ओलांडलेला, उंच, काळाभोर, डोक्यावर एकही केस नसलेला माणूस. त्याला सगळे सार्जंटच म्हणत, कारण पूर्वी कधीतरी तो फौजेत होता एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा आगीची कवायत व्हायची. भोंगा वाजला की साइटवरचे सगळे कामगार मोकळ्या पटांगणात जमायचे आणि त्यांची मोजणी व्हायची. गेटवरचं कार्डाचं यंत्र एक आकडा सांगायचं आणि सार्जंट रांगांतून चालत जाऊन दुसरा सांगायचा. दोन्ही जुळले नाहीत तर यंत्र तपासलं जायचं, सार्जंट नाही. एकदा एक माणूस कमी भरला म्हणून त्याने सगळं पटांगण उन्हात थांबवलं होतं. तो माणूस पाण्याच्या टाकीमागे चक्कर येऊन पडलेला सापडला. त्या दिवसापासून मला त्याच्याबद्दल आदर होता, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

तो टेबलापाशी टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या वडिलांचं कळलं. वाईट वाटलं. काय करायचे ते?"

"शाळेत इतिहास शिकवायचे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक निळी वही आणून माझ्यासमोर ठेवली. "मग हे कसं करतात ते तुम्हाला माहीत असेल, प्रोफेसर," तो म्हणाला. "मी आमच्या सैन्याचा इतिहास लिहिलाय. मला टायपिंग येत नाही."

त्या दिवसापासून तो मला प्रोफेसर म्हणू लागला. मी पुस्तकं वाचतो एवढंच खरं, पण त्याने दिलेलं पद मी नाकारलं नाही.

ती वही समजायची तर थोडं मागचं सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं, तेव्हा काळ्या लोकांना आपल्या देशाचे नागरिक म्हणायचं नाही म्हणून सरकारने त्यांच्यासाठी वेगळे प्रदेश आखले. कोणाची कोणती जमात, त्याप्रमाणे त्याचा प्रदेश. पुढे त्यांतले चार प्रदेश 'स्वतंत्र देश' म्हणून जाहीर केले गेले. त्यांना झेंडा दिला, राष्ट्रगीत दिलं, राष्ट्राध्यक्ष दिला आणि लहानसं सैन्यही दिलं. पण त्यांना देश म्हणून मानणारे कोण, तर त्यांना घडवणारं ते गोरं सरकार आणि असेच घडवलेले बाकीचे प्रदेश. उरलेल्या जगाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सार्जंट अशाच एका चिमुकल्या देशाच्या सैन्यात विसाव्या वर्षी भरती झाला होता. त्या प्रदेशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते त्याचं आहे आणि त्याने मला नावाशिवाय लिहायची मुभा दिली आहे.

आमच्या ऑफिसची गाडी चालवायचे ते चाचा रायगडातल्या मुरुडचे. माझ्याशी मराठीत बोलणारं साइटवरचं ते एकमेव माणूस. त्यांनी ती वही माझ्या हातात पाहिली आणि विचारलं, "काय हो दादा, फौजीची वही? काय लिवलंय?"

मी त्यांना थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे देशच नव्हता, आन् फौज होती?" चाचा हसायला लागले. "अहो, आमच्या नवाबाकडं पण होते तसले शिपाई. मुरुडला माझा आजा सांगायचा. दरबार भरला की उभं राहायचं, सलाम ठोकायचा. संस्थान गेलं, खलास. शिपाई घरी जाऊन नारळ सोलीत बसले. त्याचं काय पुस्तक लिवायचं?"

 माझे आजोबा देशावरच्या एका छोट्या संस्थानाच्या पलटणीत हवालदार होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि त्यांनी उरलेली नोकरी एका शाळेत मुलांची कवायत घेण्यात घालवली. माझे वडील जन्मभर इतिहास शिकवत होते, पण आपल्या वडिलांच्या पलटणीविषयी त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कोणी विचारलं तर हसून म्हणायचे, "आमचे तीर्थरूप अशा फौजेत होते जिने कधी लढाई पाहिली नाही." ते हसणं खरं नव्हतं हे मला मोठेपणी कळलं. सार्जंटची वही मी त्यामुळेच घरी नेली असावी.

शुक्रवारी सुट्टी असायची. दर शुक्रवारी सकाळी नऊला सार्जंट माझ्या घरी यायचा, दोन खुर्च्या एकमेकींपासून लांब ठेवून आम्ही बसायचो, तो वाचायचा आणि मी टाइप करायचो. त्याचं अक्षर मोठं, इंग्रजी, सगळं कॅपिटलमध्ये. वहीत काय होतं? पहिल्या तुकडीत किती जण होते, कोण कुठल्या गावचा, कोणाचा नंबर काय. जुना झेंडा उतरवून नवा चढवला तेव्हा दोरी अडकली आणि एका पोराला खांबावर चढावं लागलं. अधिकारी सगळे गोरे, मोठ्या सैन्याकडून उसने आलेले. सरहद्दीवर गस्त घालताना तारेपलीकडून हत्ती यायचे आणि तार मोडून जायचे. हत्तींना सरहद्द मान्य नाही, असा अहवाल त्याने खरोखरच वर पाठवला होता. मग एका वर्षी सैन्यातल्या वरच्या लोकांनी सरकारच हातात घेतलं. सार्जंटला ते बराकीत दाढी करताना रेडिओवरून कळलं. आणि शेवटी निवडणुका झाल्या, देश एक झाला आणि सगळ्या फौजा एकत्र केल्या गेल्या. गोऱ्यांची फौज, त्यांच्याशी लढणारे जंगलातले लढवय्ये आणि ही छोट्या प्रदेशांची सैन्यं. सार्जंटला ज्याच्याबरोबर तंबूत राहावं लागलं तो माणूस आधी सहा वर्षं नदीपलीकडून त्याच्याच चौकीवर नजर ठेवून होता. "त्याला माझी गस्तीची वेळ माझ्यापेक्षा चांगली माहीत होती," सार्जंटने लिहिलं होतं. "पहिल्या आठवड्यात आम्ही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, तू फार सावकाश चालायचास."

हे टाइप करताना मी वडील गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो.

तो हे कोणासाठी लिहितो आहे ते त्याने तिसऱ्या शुक्रवारी सांगितलं. त्याला एक मुलगी होती, तिकडे शाळेत शिक्षिका. आईच्या मागे सार्जंटनेच तिला वाढवलं. पण तिने सोळाव्या वर्षी त्याचा गणवेशातला फोटो भिंतीवरून काढला होता आणि तो पुन्हा लावू दिला नव्हता. ती त्याची काळजी घ्यायची, फोन करायची, औषधं विचारायची. फौजेचा विषय निघाला की मात्र म्हणायची, "बाबा, तो काळ लाजेचा होता. तुम्ही त्यांचे बाहुले होतात. सोडा तो विषय." आता करार संपून तो घरी जाणार होता, कायमचा. त्याआधी तिने हे वाचावं असं त्याला वाटत होतं. "तिने माफ करावं असं नाही," तो म्हणाला. "पण मी तिच्या घरात राहणार. जेवणाच्या टेबलावर माझी तीस वर्षं गप्प बसवून ठेवायची, हे मला जमणार नाही."

वही दोन महिन्यांत टाइप करून झाली. आणि मग मी एक चूक केली.

मी तिचा मसुदा छापला, क्रमांक दिला, पहिली आवृत्ती म्हणून नोंद केली आणि कामावर करतो तसा शेऱ्यांचा तक्ता तयार केला. माझ्या मनात वाईट नव्हतं. वडिलांनी मला एकच शिकवलं होतं, की आधाराशिवाय इतिहास लिहायचा नाही. मी एकेचाळीस शेरे लिहिले. आकड्याला पुरावा काय? हे कोणाकडून कळलं? हा मजकूर विषयाला सोडून आहे, काढावा. आणि शेवटी, सवयीने हात गेला म्हणा, मी वर कोपऱ्यात कोड मारला. सी. दुरुस्त करून पुन्हा सादर करा.

सार्जंटने तो कागद घेतला, कोड पाहिला, टाचा जुळवल्या आणि गेला. त्या शुक्रवारी तो आला नाही. पुढच्याही नाही.

साइटवर दिसायचा. सलाम करायचा, बोलायचा नाही.

"तुमचा जनरल का येत नाय आता?" चाचांनी गाडीत विचारलं. मी काय केलं ते सांगितल्यावर त्यांनी सिग्नलला गाडी थांबवून माझ्याकडे वळून पाहिलं. "दादा, तुमी त्याच्या जिंदगीला सी कोड मारला?"

"मसुद्याला मारला."

"त्या गड्याकडं दुसरा मसुदा हाय काय?" सिग्नल सुटला तरी ते तसेच बघत होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "यल्ला, यल्ला, जातो," ते आरशात बघून म्हणाले. "इंजिनिअर लोकांबरोबर राहून राहून तुमचं काळीज पण पीडीएफ झालंय."

ज्यांनी आधी त्या फौजेची थट्टा केली होती तेच हे बोलत होते. मी माफी मागायची ठरवलं आणि ती कशी मागावी याचा विचार करण्यात आणखी आठवडा घालवला. माझा स्वभाव तसा आहे.

चौथ्या शुक्रवारी नऊ वाजता बेल वाजली. सार्जंट दारात उभा होता, हातात माझाच तक्ता. त्याने उजवीकडचा सगळा रकाना पेन्सिलने भरला होता. त्याला राग आला नव्हता. त्याला दिलेलं काम त्याने केलं होतं, त्याला वेळ लागला होता इतकंच.

ती उत्तरं मी जपून ठेवली आहेत. "सैन्याच्या संख्येला आधार काय?" यापुढे त्याने लिहिलं होतं, "रोज सकाळी हजेरी मी घ्यायचो. आधार मी आहे." "पान नऊ, बूट चांगले होते हे वाक्य विषयाला सोडून आहे, काढावे" यापुढे, "काढू नये. माझ्या पायातले ते पहिले बूट. माझ्या तुकडीत अकरा जणांचे पहिले." "हे सैन्य नेमके कोणाविरुद्ध होते?" यापुढे, "हा प्रश्न आम्हीही बराकीत विचारायचो. उत्तर येण्याआधी कवायतीची शिट्टी व्हायची." आणि जिथे मी लिहिलं होतं, "लेखकाला या सैन्याचा अभिमान आहे की लाज, स्पष्ट करावे," तिथे त्याने आधी काहीतरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून खोडलं होतं, आणि मग लिहिलं होतं, "दोन्ही. रोज. यापेक्षा स्पष्ट होत नाही."

मी वाचत गेलो तसा मला माझ्याच शेऱ्यांचा संकोच वाटायला लागला. वहीत नव्हता तो माणूस या रकान्यात होता. मी जन्मभर हजारो तक्ते बंद केले, पण असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

चाळीस शेऱ्यांना उत्तरं होती. एकाला नव्हतं. तो शेरा असा होता: "प्रकरण चार आणि पाच यांच्यामध्ये सुमारे दोन वर्षे नाहीत. सलगता नाही."

"हे राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही," सार्जंट म्हणाला. "ते लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं. मी सांगतो. तुम्ही टाइप करू नका. आधी ऐका."

मी लॅपटॉप मिटला.

त्याच्या प्रदेशात त्या वर्षांत शाळा पेटल्या होत्या. मुलं वर्गाबाहेर, शिक्षक रस्त्यावर. एका गावातला तरुण शिक्षक अटकेत असताना मेला. कसा मेला ते कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारायचंही नव्हतं. त्याला पुरायचं होतं. वरून हुकूम आला की दफनाला पन्नासच माणसं जातील. दफनभूमी ओढ्यापलीकडे होती आणि ओढ्यावर एकच अरुंद पूल. सार्जंट तेव्हा एक हुद्दा खाली, कॉर्पोरल होता. दहा जवान घेऊन त्याने पुलावर उभं राहायचं, पन्नास मोजायचे आणि पूल बंद करायचा. गोरा लेफ्टनंट लांब टेकाडावर जीपमध्ये बसून दुर्बिणीतून पाहत होता. समोर दोन हजारांवर माणसं होती.

"मी मोठ्याने मोजायला सुरुवात केली," सार्जंट म्हणाला. "टेकाडावर ऐकू जावं म्हणून. आमच्या भाषेत, एक, दोन, तीन. सत्तेचाळीसपर्यंत आलो. आणि मला पुढचा आकडा आठवेना."

"आठवेना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, मला आजवर आकडा कधी आठवला नाही असं झालंय का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी म्हणालो, चुकलं, पहिल्यापासून. आणि पुन्हा एकपासून. आत गेलेले आत. अठ्ठेचाळीसला माझ्याच एका जवानाने मधेच मला काहीतरी विचारलं, हुशार होता तो. पुन्हा चुकलं. पुन्हा एक. तोवर लोकांना कळलं होतं. कोणी चेहऱ्यावर दाखवत नव्हतं. एक म्हातारी माझ्यासमोरून जाताना थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'काय रे, तुझ्या आईने तुला शाळेत घातलं नाही वाटतं?' मयताच्या रांगेत लोक हसले. मीसुद्धा. मी म्हणालो, 'घातलं होतं आजी, पण मास्तर चांगला नव्हता.' आणि पुन्हा एकपासून."

तो चार वेळा चुकला. दोनशेच्या जवळपास माणसं पलीकडे गेली.

 मला वाटलं, गोष्ट इथे संपली, आणि हे त्याने वहीत का घातलं नाही ते मला समजेना. मी तसं म्हणालोही. "सार्जंट, हे तर पहिल्या पानावर हवं!"

"म्हणूनच लिहिलं नाही," तो म्हणाला. "लेफ्टनंट टेकाडावरून उतरून आला. माझ्या शेजारी उभा राहिला. म्हणाला, 'आता मोज.' आणि पाचव्या वेळी मी चुकलो नाही, प्रोफेसर. पन्नास मोजले आणि पूल बंद केला. एक्कावन्नावी त्या शिक्षकाची बहीण होती. ती गर्दीत मागे कुठे अडकली होती ती तेव्हा पोचली. तिने मला सांगितलं ती कोण आहे ते. मी रायफल आडवी धरली. दोन तास ती माझ्यासमोर उभी होती, इतकी जवळ. पलीकडून गाण्याचा आवाज येत होता, तो आम्ही दोघं ऐकत होतो. ती ओरडली नाही. त्यानंतर एक शब्द बोलली नाही."

खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याची पीं पीं बराच वेळ चालली होती.

"त्या वेळचे माझे जवान भेटतात ते पहिल्या चार वेळांबद्दल माझी पाठ थोपटतात," तो म्हणाला. "माझी मुलगी पाचव्याबद्दल विचारेल. "

मी त्याला वैकुंठाच्या दारातल्या माणसाबद्दल सांगितलं. वीस माणसं, यादी, फुलांची पिशवी. कोणालाच सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्या माणसाने त्या दिवशी किती घरची मयतं मोजली असतील?" त्याने कोणाची बाजू घेतली नाही. मोजणारा जसा विचारील तसं विचारलं. माझा राग त्या दिवशी गेला असं मी म्हणणार नाही, पण त्या माणसाला चेहरा आला. त्याआधी मला फक्त त्याचं बोट आठवत होतं.

मग मी लॅपटॉप उघडला. सार्जंटने सांगितलं आणि मी लिहिलं, चारही वेळा आणि पाचवीही. तो एकदा म्हणाला, "लेफ्टनंट शेजारी नसता तर, असं घालूया का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, "नको. तो होता." या वेळी मी एकही शेरा मारला नाही. माझे वडील समोर असते तर त्यांना दाखवायला मला अभिमान वाटला असता. आमच्या घरात जे लिहिलं गेलं नाही ते हा परका माणूस कॅपिटल अक्षरांत लिहून मोकळा झाला होता.

पुस्तक सार्जंटच्या मुलीला मेलने गेलं. दोन आठवडे काही आलं नाही. त्या दोन आठवड्यांत सार्जंटच्या कवायतीत एकही आकडा चुकला नाही, पण चाचांनी मला सांगितलं की तो सकाळी गेटवर त्यांना दोनदा 'गुड मॉर्निंग' म्हणाला, दहा मिनिटांच्या अंतराने. "फौजी हललाय दादा," ते म्हणाले. "अल्ला करो त्याची पोरगी चांगलं बोलो."

फोन आला तो शुक्रवारीच, माझ्याच घरी. सार्जंट उभा राहिला. पूर्ण फोन त्याने उभ्यानेच घेतला. त्यांची भाषा मला येत नाही. तो फार थोडं बोलत होता. मध्ये बराच वेळ नुसतं ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो खिडकीपाशी गेला.

"तिने सगळं वाचलं," तो म्हणाला. "दोनदा. ती म्हणाली, 'बाबा, तुमच्या तुकडीतल्या प्रत्येकाचं नाव यात आहे. नंबर आहे, गाव आहे. ज्याला पुरायला लोक चालले होते त्या शिक्षकाचं नाव नाही.'"

मी पटकन पानं चाळली. खरंच नव्हतं. एकेचाळीस शेरे मारणाऱ्या माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"विसरलात?" मी विचारलं.

"विसरायला आधी माहीत असावं लागतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. हुकमात 'मयत' लिहिलं होतं. मी कधी विचारलं नाही." त्याने फोन खिशात ठेवला. "माझी मुलगीही शिक्षिका आहे."

त्या सुमाराला त्याला एक मोठी संधी चालून आली होती. स्टेडियम ताब्यात दिल्यावर वर्ल्ड कपपर्यंत थांबून गर्दी सांभाळणाऱ्या रक्षकांना शिकवायचं. आम्ही सगळे त्याच्यासाठी खूश होतो. इतकी वर्षं रिकाम्या स्टेडियमवर माणसं मोजणारा ते भरलेलं पाहणार होता, आणि फुटबॉल त्याला जिवापाड आवडायचा. त्याने नकार कळवला. ऑफिसमध्ये कोणाला ते समजलं नाही. "वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे," एक इंजिनिअर म्हणाला. "तुझ्या गावात काय पळून चाललंय?" सार्जंट म्हणाला, "ती बहीण माझ्यापेक्षा मोठी होती."

चाचांनी त्याला विमानतळावर सोडलं. मीही गेलो होतो. पोचल्यावर चाचा गाडीतून उतरले आणि त्यांनी सरळ उभं राहून त्याला सलाम ठोकला. सार्जंटने तो तितक्याच गंभीरपणे घेतला. परत येताना चाचा म्हणाले, "चांगला सलाम झाला ना? आमच्या आज्याचा हाय तो. नवाबाच्या दरबारातला." मी हो म्हणालो.

त्यानंतर सार्जंटचे मेसेज येत राहिले, सगळे कॅपिटलमध्ये. तो त्या गावी गेला. त्या शिक्षकाचं थडगं सापडलं, दगडावर नाव कोरलेलं होतं. ते वाचून परत येता आलं असतं. मुलगी तेच म्हणाली, फोटो काढा आणि पुस्तकात घाला. पण त्याने त्या दगडाकडे पाठ केली. त्याला ते नाव बहिणीकडून हवं होतं, विचारून घेतलेलं. बहीण त्याच गावात राहत होती. पहिल्या खेपेला दारातून तिने विचारलं, कोण? तो म्हणाला, "पुलावरचा शिपाई." तिने दार लावलं. दुसऱ्या खेपेला उघडलंच नाही. तो तिथेच अंगणात टोपी काढून तासभर उभा राहिला आणि परत आला.

वर्ल्ड कप झाला. आमचं स्टेडियम टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं. बायको आणि मुलगी केव्हाच परत आल्या होत्या. मुलीने मला इंग्रजीत विचारलं की यातलं मी काय बांधलं, आणि मी कागद म्हणालो, तर ती हसली. सामने चालू असताना सार्जंटला मी फोटो पाठवले. त्याने गर्दीच्या फोटोखाली अंदाजे आकडा लिहून पाठवला.

त्याचा शेवटचा मेसेज मागच्या महिन्यात आला. तो अजून दर पहिल्या रविवारी त्या गावाला जातो. या खेपेला बहिणीने दार उघडलं, एक खुर्ची बाहेर आणून ठेवली आणि आत निघून गेली. नाव अजून सांगितलेलं नाही, पुस्तकातली ती जागा रिकामीच आहे. गाव त्याच्या घरापासून दोन तासांवर आहे, रस्ता वाईट आहे आणि त्याला आता नीट दिसत नाही. म्हणून गाडी मुलगी चालवते.